दिवाडीला जाताना फेरीत गाडी घालणार असाल तर

दिवाडीची लेक

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्याभरात इथल्या तिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच विचारलं: गोव्यात चाललोय, दिवाडी बेट बघायचंय, गाडी फेरीबोटीत घालू की जुने गोवेला ठेवून चालत पलीकडे जाऊ? प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा धागाच काढते. माझं माहेर दिवाडीत, पिएदादच्या टेकडीखाली. लग्न होऊन पुण्यात आले त्याला बावीस वर्षं झाली, पण आई तिथेच आहे आणि वर्षातून तीन-चारदा तरी गाडी घेऊन जाणं होतं.

आधी भूगोल. समुद्राला मिळण्यापूर्वी मांडवीला फाटे फुटतात आणि त्या फाट्यांच्या कुशीत चोडण, दिवाडी, वांशी, जुवें, कुंभारजुवे ही बेटं आहेत. चोडणहून मयेमार्गे डिचोलीला रस्त्यानं जाता येतं. जुव्याला पूल झाला. दिवाडीला मात्र आजही पाण्यावरूनच जावं लागतं. धक्के तीन: जुने गोवेला व्हाइसरॉयच्या कमानीच्या खालचा, रायबंदरच्या बाजूचा सां पेद्रोचा आणि उत्तरेला नार्व्याचा. पर्यटक बहुतेक पहिल्याच धक्क्यावर येतात, कारण चर्च बघून झालं की कमानीतून सरळ नदीच समोर येते. नार्व्याच्या धक्क्यावर तुलनेनं शांतता असते.

फेरीबोट म्हणजे सपाट तळाची लोखंडी बोट. चार-सहा चारचाक्या, उरलेल्या फटींत दुचाक्या आणि उभी माणसं. सरकारी नदी परिवहन खातं ती चालवतं. दिवाडीच्या फेरीत चालणाऱ्यांना आणि दुचाक्यांना तिकीट नाही, चारचाकीला थोडं भाडं पडतं. २०२३ च्या शेवटी दुचाक्यांनाही भाडं लावायचं घाटत होतं, बेटांवरून विरोध झाला आणि ते थांबलं. चालू दर धक्क्यावर विचारून घ्या. प्रवास पाच-दहा मिनिटांचा, वाट बघणं त्याहून जास्त.

आता गाडीचं. येण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा, हे मी सगळ्यांना पहिलं सांगते. पाणी उतरलं की धक्क्याचा काँक्रीटचा उतार लांबवर उघडा पडतो. त्यावर चिखल आणि शेवाळ असतं, आणि उतार व बोटीची फळी यांच्यात कोन पडतो. बुटक्या गाडीचा बंपर नेमका तिथेच घासतो. अशा वेळी गाडी थोडी तिरकी घालायची, पहिल्या गिअरमध्ये, वेग एकसारखा ठेवून. अर्ध्या उतारावर थांबून विचार करत बसू नका. मागे रांग असते, चाकाखाली ओलं असतं, आणि घाबरून ब्रेक दाबला की गाडी सरकते.

खलाशी हात दाखवेल तिथेच गाडी लावायची. "फुडें घे, फुडें घे, पुरो!" म्हणाला की पुरो. समोर मोकळी जागा दिसत असताना तो तुम्हाला कडेला का दामटतोय असं वाटेल. त्याच्या डोक्यात वजनाचा हिशेब चालू असतो. चिऱ्यांचा टेम्पो मधोमध येणार असतो आणि तुमची गाडी त्याला तोल म्हणून हवी असते. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद करा. रात्री हेडलाइट आठवणीनं बंद करा, वर केबिनमध्ये बसलेल्याला काळोखातलं पाणी दिसायला हवं. आणि चालता येणाऱ्या सगळ्यांनी गाडीतून खाली उतरून उभं राहा.

दुसरी गोष्ट सांगण्यासाठीच खरं तर हा धागा काढला. सकाळच्या फेरीत तुमच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा. गणवेशातली मुलं. पणजीला कचेरीत जाणारे. मासळीची पाटी घेतलेली बाई. गॅस सिलिंडरची गाडी. बेटावरच्या प्रत्येक घराचा प्रत्येक चिरा, रेतीचं प्रत्येक घमेलं याच फळीवरून आलंय. आमची वरातही यातून जाते आणि आमचं मयतही. मे महिन्यात आणि नाताळात पाहुण्यांच्या गाड्यांनी रांग कमानीच्या मागे जाते, आणि दूध घेऊन निघालेला माणूस दोन फेऱ्या मागे पडतो. फेरीत बसायची मजा वाटते हे मला कळतं. माझ्या मुलांनाही वाटते. पण नुसती फेरीच अनुभवायची असेल तर गाडी अलीकडे लावा आणि चालत या. बेट पायी किंवा सायकलनं बघण्याजोगंच आहे.

पावसाळी

धाग्यासाठी खूप आभार ताई, व्यनि करणाऱ्यांपैकी एक मीच. ऑगस्टमध्ये जायचा विचार आहे. आम्ही पाच जण, त्यात सासूबाई पंच्याहत्तरच्या, गुडघे दुखतात. पावसात फेरी बंद असते का? आणि बोंदेरा नावाचा सण त्याच सुमारास असतो असं ऐकलं.

दिवाडीची लेक

पाऊस आहे म्हणून फेरी थांबत नाही. नदीला ओढ जास्त असली की बोट सरळ रेषेत येत नाही. आधी प्रवाहाच्या वर जाते आणि मग वाहत-वाहत धक्क्याला लागते, त्यामुळे वेळ वाढतो. वाऱ्यापावसाचा जोर फारच झाला तर चालवणारा थांबतो, आणि त्यानं थांबावंच.

बोंदेरा ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी. पूर्वी वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणं होत, पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणं रोवली, आणि लोकांनी ती पाडायला सुरुवात केली, त्याची ही आठवण. 'बांदेइरा' म्हणजे निशाण. त्या दिवशी गाडी अजिबात आणू नका. सासूबाईंना घेऊन यायचंय तर दुसरा कुठलाही दिवस निवडा, दुपारी अकरा ते चार या वेळेत या, आणि त्यांना तेवढं गाडीतच बसू द्या. खलाशाला आधी सांगा, तो गाडी उतरायला सोपी पडेल अशी लावून देईल.

दाभोळखाडी

छान लिहिलंय. आमच्याकडे दाभोळ-धोपावे फेरी २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी दापोलीच्या माणसाला गुहागरला गाडीनं जायचं तर खेड, चिपळूण करत अख्ख्या वाशिष्ठीला वळसा. समोरचा किनारा डोळ्यांना दिसतोय, माणसं होडीतून जातायत, पण गाडी नेता येत नाही. पुढे वेश्वी-बागमांडला झाली, आगरदांडा-दिघी झाली, जयगड-तवसाळ झाली, आणि सागरी मार्गानं कोकण बघणं ज्याला म्हणतात ते खरं तर तेव्हापासून शक्य झालं. आमच्याकडे सगळं खासगी आणि तिकीट लावून, पण वेळ पाळतात आणि गर्दी झाली तर जादा फेरी सोडतात.

बंपरचं अगदी खरं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी असेल तर मीही माझी गाडी तासभर थांबवतो.

पण वाचताना एक गोष्ट मनात आली. आमच्याकडे फेरी बंद पडली तर चिपळूणचा वळसा आहे. चार तास जातील, पण माणूस पोहोचेल. तुमच्याकडे तो वळसाही नाही.

नावेलीचा

मी दिवाडीतलाच. ताईंनी मनापासून लिहिलंय, पण मला यात एक बाजू राहिल्यासारखी वाटते, म्हणून खास खातं उघडून लिहितोय.

पाहुण्यांनी कसं वागावं हे ठीक. पण आम्ही किती वर्षं धक्क्यावर उभं राहायचं? माझ्या वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. चार तासांचं डायलिसिस झाल्यावर माणसात काही उरत नाही. त्या माणसाला घेऊन मी उन्हात, पावसात रांगेत उभा राहिलोय, कारण एक बोट दुरुस्तीला गेलेली आणि दुसरी पलीकडे. लोक पुढे सोडायचे, त्याबद्दल कुणाविषयी तक्रार नाही. पण बोट पलीकडे असली तर पुढे सोडून तरी काय होणार? दोन वर्षं हे केलं. आता मी पणजीत भाड्यानं राहतो, बेटावरचं घर बंद आहे. माझ्या वर्गातल्या अकरा जणांपैकी तिघं बेटावर उरलेत. दिवाडीला पूल नको म्हणणाऱ्यांनी ही बंद घरंही मोजावीत.

आणि रेल्वे? १९९८ पासून कोकण रेल्वे आमच्या बेटावरून जाते. मुंबईची माणसं खिडकीतून आमची शेतं बघतात. थांबा नाही. उतरायचं करमळीला आणि मग परत फेरी.

दिवाडीची लेक

नावेलीचा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. हे मलाही परकं नाही.

माझ्या बाबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. मी माहेरी आले होते, गाडी दारात होती. धक्क्यावर पोहोचले तर बोट पलीकडे, दिवे मंद, नदीवर चिटपाखरू नाही. मी हेडलाइट चालू-बंद करत राहिले, हॉर्न वाजवत राहिले. शेजारचे एक काका मागून स्कूटरवर आले होते, ते पाण्याच्या अगदी कडेला जाऊन "दुयेंत आसा! दुयेंत आसा!" म्हणजे आजारी माणूस आहे, असं ओरडत होते. पाण्यावर आवाज लांब जातो. पलीकडे केबिनमध्ये दिवा लागला तो क्षण मला अजून दिसतो. मग इंजिनाचा आवाज. बोट यायला सात-आठ मिनिटं लागली असतील. खलाशी अंगात नुसता बनियन घालून फळी सोडायला उभा होता. त्यानं मला गाडी थांबवून हँडब्रेकसुद्धा नीट लावू दिला नाही, स्वतः चाकाखाली लाकडाची उटी सरकवली आणि वर हात केला. बोट निघाली तेव्हा बोटीत एकच गाडी होती, आमची.

बाबा वाचले, पुढे नऊ वर्षं जगले. पण ती सात-आठ मिनिटं मी कुणालाच, कधीच देऊ इच्छित नाही. म्हणून फेरी किती सुंदर, पूल झाला तर सगळं बिघडेल, असं मी म्हणणार नाही. मला धाकधूक पुलानंतरच्या जमिनीची वाटते, ते पुढे लिहीन. पण पूल होवो न होवो, आज, या पावसाळ्यात, तीन गोष्टी हव्यातच: रात्रभर एक बोट बेटाच्याच बाजूला बांधलेली, दुरुस्तीच्या काळासाठी हाताशी एक जादा बोट, आणि आजाऱ्याच्या गाडीला रांग नाही हे धक्क्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. यासाठी पुलाइतके पैसे लागत नाहीत आणि पुलाइतकी वर्षंही लागत नाहीत.

नावेलीचा

रात्रीची बोट बेटाच्या बाजूला. हे शंभर टक्के मान्य. बाकी भांडण तुमच्या घरी जेवताना करू.

जहाजबांधणी

माझं काम बोटींच्या आराखड्यांचं, म्हणून थोडं तांत्रिक.

या बोटींचा तळ सपाट का, तर त्यांना उभा धक्का नको असतो, उतार हवा असतो. गोव्यात मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी साधारण दोन मीटरनं वरखाली होते. उभ्या भिंतीचा धक्का बांधला तर गाडी कधी वर तर कधी खाली. म्हणून नदीत उतरत जाणारा काँक्रीटचा उतार बांधतात, आणि पाणी जिथे असेल तिथे बोट नाक टेकवून उभी राहते. त्यासाठी ती पाण्यात कमीत कमी बुडायला हवी. याची किंमत अशी की अशी बोट वाऱ्याला आणि प्रवाहाला लवकर ऐकते. खाली धरून ठेवणारं काही नसतं. चालवणारा इंजिन पुढे चालूच ठेवून बोट उताराला दाबून धरतो तोवर तुम्ही गाडी काढता. म्हणजे तुम्ही फळीवर रेंगाळता तेवढा वेळ तो नदीशी झुंजत असतो. ताईंनी "थांबू नका" सांगितलं त्याचं हेही एक कारण.

आता पूल. मांडवीतून खनिजाचे बार्ज जातात. खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद झाल्या तेव्हा ते कमी झाले, पण जलमार्ग मोकळा ठेवावाच लागतो. म्हणजे पूल नदीच्या मधोमध उंच हवा. उंच पूल म्हटला की दोन्हीकडे लांब चढ आला. जुने गोवेच्या बाजूला जागतिक वारशाच्या वास्तू आहेत, तिथे वाट्टेल तसं बांधता येणार नाही. आणि दिवाडीच्या बाजूला सखल खाजन जमीन. तो चढ तिथे मातीचा भराव घालून करायचा की खांबांवर न्यायचा, यावर बेटाचं पुढचं सगळं ठरेल. भराव स्वस्त पडतो. म्हणून बहुधा भरावच सुचवला जातो.

दिवाडीची लेक

नेमकं हेच मला म्हणायचं होतं. खाजन काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. समुद्राचं खारं पाणी भरतीला नदीतून आत येतं. आमच्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून आणि त्यात मानशी बसवून, म्हणजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडझाप करणारी लाकडी दारं बसवून, ती जमीन भातासाठी मिळवली. पावसाळ्यात कोरगूट भात, जो खारटपणा सोसतो, आणि नंतर मानशीच्या तोंडाशी मासळी. बांध एका जागी फुटला तर पाणी एका शेतात थांबत नाही, सगळ्यांच्या शेतात जातं. म्हणून बांध सगळ्यांचा. रेल्वेचा मार्ग ठरत होता तेव्हा गोव्यात जे आंदोलन झालं त्यात खाजनांचा मुद्दा मोठा होता, ते उगीच नव्हतं. पूल खांबांवर येणार असेल आणि पुलाआधी बेटावरच्या जमिनीला कायद्याचं कुंपण पडणार असेल, तर माझा विरोध मावळेल. आधी पूल, मग बघू, याला माझी तयारी नाही.

जुवेंकार

आमच्या जुव्याला पूल आला. मी दोन्ही दिवस बघितलेत.

आई भाजी घेऊन माशेलच्या बाजारात जायची. आमची सात शिरांची भेंडी तुम्ही ऐकली असेल, जुव्याला शाकेचो जुवो म्हणायचे ती त्याच भाजीमुळे. पाण्यावरून जाणं असताना पहाटे चारला उठून पाटी डोक्यावर. पूल झाल्यावर गाडी दारात आली. आई म्हणायची, माझी मान पुलानं वाचवली. तिच्यासमोर पुलाविरुद्ध बोलायची माझी हिंमत नाही.

पण रस्ता आला आणि माणसं बाहेर नोकरीला जाऊ लागली, भेंडी लावणारे हात कमी झाले. शेत पडीक राहिलं की बांध दुर्लक्षित, मग खारं पाणी आत. हे पुलामुळेच झालं असं म्हणवत नाही, बेटावर फेरी असती तरी मुलं गेलीच असती. नावेलीच्यांनी सांगितलंच आहे. पूल नसतानाही घरं बंद होतात आणि पूल असतानाही शेतं.

चोडणवाट

चोडणकडून लिहितो. रायबंदर-चोडण मार्गावर जुलै २०२५ मध्ये गंगोत्री आणि द्वारका या दोन रो-रो बोटी, म्हणजे गाड्या थेट चढतात-उतरतात अशा मोठ्या बोटी आल्या. जुन्या फेरीपेक्षा कितीतरी जास्त गाड्या एका वेळी जातात. आमच्या मार्गावरून नुसतं बेट जात नाही, डिचोली-मये बाजूचे रोजचे कामगारही पणजीला याच वाटेनं जातात, त्यामुळे सकाळी पूर्वी जी कोंडी व्हायची तिला उतार पडला. मोठ्या बोटीचा तोटा एवढाच की ती चुकली तर एकदम बरेच जण मागे राहतात. पण एकंदरीत मी समाधानी आहे. दिवाडीला आधी अशी एक बोट द्या, मग पुलाची चर्चा करा, असं माझं मत.

आणि धक्क्याला लागूनच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ पासून. खारफुटीचं जंगल, पावणेदोन चौरस किलोमीटर. फेरीची वाट बघताना ओहोटी असेल तर चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारताना दिसतात, त्याला तिकीट लागत नाही.

बेतीकाठ

वयानं या धाग्यावर मी सर्वांत मोठा असेन. ५ जुलै १९८६. पणजीचा मांडवी पूल कोसळला. पंधरा-सोळा वर्षांचा पूल. आदल्या दिवशी मी त्यावरून गेलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून बेती-पणजी फेरीवर अख्खा गोवा आला. मुंबईकडून येणाऱ्या बसगाड्या बेतीला रिकाम्या व्हायच्या, माणसं ट्रंका, पोती, लहान मुलं घेऊन फेरीत. ऐन पावसाळा, नदी लाल, आणि बोटी दिवसरात्र चालू. ज्या खलाशांना कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं त्यांच्या जिवावर राजधानी चालली. नवा पूल व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली. तेवढी वर्षं बोटी होत्या म्हणून निभावलं. पूल जरूर बांधा, पण बांधल्यावर बोटी भंगारात काढू नका, ही म्हाताऱ्याची विनंती.

पावसाळी

काका, हे आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. इथे लिहिल्याबद्दल आभार.

सप्तकोटी

नार्व्याच्या फेरीबद्दल कुणी फार लिहिलं नाही म्हणून. कदंब राजांचं कुलदैवत श्री सप्तकोटेश्वर मूळचं दिवाडीवरचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, तेव्हा लिंग नदीपार नार्व्याला नेलं गेलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. अलीकडे त्याचं पुन्हा जतनकाम झालं आणि ११ फेब्रुवारी २०२३ ला ते खुलं झालं. म्हणजे जी नदी आपण नार्व्याच्या फेरीतून ओलांडतो तीच देवानं ओलांडली. चोडणचंही तेच, माशेलचा देवकीकृष्ण मूळ चोडणचा. बेटावरून निघालेला देव काठावर राहतो आणि माणसं नदी ओलांडून त्याच्याकडे जातात. आमच्या घरातले सगळे अजून जातात.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना माझा सल्ला: डिचोलीकडून येत असाल तर आधी नार्व्याला दर्शन घ्या, तिथून फेरीनं दिवाडी, मग दुसऱ्या धक्क्यानं जुने गोवे. गाडी मागे फिरवावी लागत नाही आणि जुने गोवेच्या रांगेत एक गाडी कमी होते.

दिवाडीची लेक

सप्तकोटी, हा मार्ग मी कसा सुचवला नाही! पावसाळी, तुम्ही असंच करा. आणि लहानपणी नार्व्याच्या फेरीत आजी नदीच्या मधोमध आली की हात जोडायची, कुणाला ते मी कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

पावसाळी

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण या धाग्यामुळेच नीट झालं.

सप्तकोटी यांनी सांगितलं तसं नार्व्याकडून शिरलो. सकाळी साडेअकरा, पाणी बऱ्यापैकी वर, गाडी सहज चढली. आमच्याखेरीज एक रिक्षा, सात-आठ दुचाक्या आणि शेळी घेतलेला एक मुलगा. सासूबाई गाडीत बसल्या, खलाशानं न सांगता त्यांच्या बाजूचं दार उघडेल इतकी जागा सोडली. बेटावर गाडी पिएदादच्या चर्चपाशी लावली आणि दिवसभर हलवली नाही. टेकडीवरून चारी बाजूंची शेतं बघितली. त्यांच्यावरून रेल्वे गेली तेव्हा नावेलीच्यांची आठवण झाली.

परतताना जुने गोवेच्या धक्क्याकडे आलो तर ओहोटी. रांगेत आम्ही दुसरे. बोट लागायच्या बेतात असताना मागून एक व्हॅन आली, आत झोपवलेला माणूस, हातात सलाईन धरलेली बाई. पुढच्या गाडीवाल्याला, तोही बाहेरचाच होता, काही कळेना. मी उतरून त्याला सांगितलं, दोघांनी गाड्या बाजूला घेतल्या. व्हॅन चढली, खलाशानं आणखी कुणालाच घेतलं नाही आणि फळी उचलली. आम्ही पुढच्या फेरीनं आलो. पंचवीस मिनिटं गेली असतील. सासूबाई म्हणाल्या, तो माणूस पोहोचला का ते आता आपल्याला कधीच कळणार नाही. त्या पुण्यापर्यंत तेच बोलत होत्या.

गाडी तिरकी घातली. बंपर शाबूत आहे.

दिवाडीची लेक

देव बरें करूं. तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती माणसं कोण ते तिला लगेच कळलं, नाव इथे लिहीत नाही. वेळेत पोहोचले. आता घरी आहेत, पेज खातात. सासूबाईंना सांगा.